भाड्याच्या घराचा हॉल कमी खर्चात सजवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोथरूडला वन बीएचके भाड्याने घेतलाय. हॉलसाठी १५,००० रुपये बाजूला काढलेत. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकांची अट.

आजीच्या दोन इरकली साड्यांचे पदर विरलेत, पण काठ अजून लखलखीत आहेत. त्यांचे पडदे करायचेत. खिडकीत पश्चिमेचं कडक ऊन येतं. जाड सुती अस्तर लावलं तर रंग टिकेल का? जुनं कापड जपून शिवणारं पेठांमध्ये कुणी आहे का?

बुरूड आळीत कुणी बांबूची लॅम्पशेड करून घेतलीय का? साधारण काय पडतं?

बैठकीसाठी जुन्या बाजारातून सागवानी बाकडं घ्यावं असं फार मनात आहे. वाळवी लागलेलं लाकूड ओळखायचं कसं, जाणकारांनी जरूर सांगा.