मदत हवी आहे : उन्हावर हायड्रोजन काढतोय, पण पाणी काळं होतंय

नमस्कार मंडळी, आर्णी तालुक्यातून लिहितोय. पुतणी नववीत आहे, तिला विज्ञान प्रदर्शनात उन्हावर पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवायचाय. ऊन तर आमच्याकडे हवं त्याहून जास्तच!

फवारणी पंपाचं १२ व्होल्टचं सोलर पॅनल, पेन्सिलीतली शिसं आणि मिठाचं पाणी घेतलं. बुडबुडे झकास आले, पण प्लसकडून ब्लीचिंग पावडरसारखा वास. क्लोरीन तो! मीठ फेकलं, धुण्याचा सोडा टाकला. वास गेला, आता प्लसचं शिस झिजून अर्ध्या तासात पाणी काळं. स्टीलचे चमचे नको, त्यातून क्रोमियम उतरतं म्हणे. निकेलची तार चालेल का? यवतमाळ-नागपुरात थोडीशी कुठं मिळेल?

आणखी एक. पाणी फुटायला (म्हणजे त्यातला हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळा व्हायला) किमान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात दोनच्या आसपास. मग १२ व्होल्ट वाया घालवण्यापेक्षा पाच-सहा बरण्या एकामागे एक जोडाव्या का?

पोरगी आता विचारते, "काका, पॅनलशिवाय नाही होत?" जपानच्या फुजिशिमा-होंडा या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडल्याचं दाखवलं होतं. पण ते अतिनील किरणांवरच चालतं. शाळेत कुणी करून पाहिलंय का? प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे.