आरएक्स १०० चे क्रँक सील ठाण्यात परवडेल अशा भावात कुठे मिळतील?

कळवा_९३:
नमस्कार मंडळी, बाबांची ९३ ची यामाहा आरएक्स १०० बाईक आहे, एमएच ०४ पासिंग, पहिल्यापासून आमच्याकडेच. हल्ली पांढरा धूर खूप मारतेय आणि इंजिन गरम झालं तरी थांबत नाही. पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी ऑइल नेहमीइतकंच लागतंय पण गिअर ऑइल कमी होतंय, आणि गाडी लावतो तिथे खाली एक थेंब पण नसतो. मेकॅनिक म्हणाला क्लच साइडचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या शाफ्टभोवतीची रबरी रिंग, गेलंय, उघडतोच आहोत तर सगळा सील किट टाकू. त्याने दाखवलेल्या किटच्या पाकिटावर कंपनीचं नावच नाही, आणि दुसरीकडे ओरिजिनल म्हणून दाखवलेल्याचा भाव झेपत नाहीये. गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. चांगलं सील पण खिशाला परवडणारं कुठे बघू? ठाणे, नवी मुंबई, गरज पडली तर मुंबईतही जाईन.

टूस्ट्रोक_नेरूळ:
मेकॅनिक बरोबर सांगतोय भावा. टू-स्ट्रोकला पिस्टन वर गेला की खालच्या केसमध्ये (क्रँककेस) व्हॅक्यूम होतो, सील ढिलं असलं की त्या ओढीने गिअर ऑइल आत येतं आणि पेट्रोलबरोबर जळतं, मग जमिनीवर थेंब कुठून दिसणार. पण क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं, मॅग्नेट साइडचं पण बदलच. ते गेलं की ऑइल नाही, हवा ओढते, मिक्स्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस सोडली तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो आणि एक दिवस हायवेला पिस्टन जॅम. धूर नसतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात, मला तेच जास्त धोक्याचं वाटतं.
स्वस्तात हवं तर गाडीचं नाव सांगू नको, साइज सांग. जुन्या सीलवर आकडे असतात, समजा २०-३५-७ असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले असतील तर व्हर्नियर लावून घे. वागळे इस्टेट किंवा तुर्भेला कारखान्यांना बेअरिंग आणि ऑइल सील देणारी दुकानं आहेत तिथे विचार, नाहीतर सरळ मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट. रविवारी जाऊ नको.

लेथवाले_काका:
साइजने घे हे ठीक, पण क्रँकसाठी नुसती साइज जुळून चालत नाही रे. आरएक्सची पूर्ण ताकदच साडेसात हजार आरपीएमला येते, त्या स्पीडला साध्या नायट्राइल रबराचं सील तापून लिपला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेला, कडक होतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोल क्रँककेसमधूनच जातं, म्हणजे सील रोज त्यातच. त्यामुळे व्हायटॉन माग, ते उष्णता आणि पेट्रोल सोसणारं रबर आहे. तपकिरी रंग बघून व्हायटॉन समजू नको, रंग कुठलाही देता येतो, पाकिटावर एफकेएम (त्याच रबराचं दुसरं नाव) लिहिलंय का बघ. आणि जुनं सील सोबत ने, कारण बाहेरच्या कडेला कॉलर असलेलं सील असेल तर साध्या गोल सीलने काम होणार नाही, आणि तसलं सील क्रँककेसचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघतही नाही, पेचकसने ओढायला गेलात तर केसला चरा पडतो, मग नवीन सील पण गळणार.
अजून एक, 'जुना कंपनी स्टॉक आहे' म्हणून कोणी जास्त भाव सांगितला तर आधी लिप बोटाने दाबून बघा. गाडी ९६ ला बंद झाली, तेव्हापासून पाकिटात पडलेलं रबर वापरलं नसलं तरी कडक होतं.

घोडबंदर_रायडर:
काकांशी सहमत. माझं मत, क्रँकची दोन सील चांगल्यातली घ्या, जपानी एनओके कंपनीचं मिळालं तर उत्तम, बाकी किक शाफ्ट, गिअर शिफ्टर, पुढच्या स्प्रॉकेटचं सील साध्या नायट्राइलमध्ये साइजने घेतलीत तरी चालतात. ती बाहेरून बदलता येतात, उद्या गळली तरी इंजिन खोलावं लागत नाही. खरा खर्च मजुरीचा आहे, सीलचा नाही. क्लच कव्हर, क्लच, प्रायमरी गिअर एवढं काढून शंभर रुपये वाचवायला हलकं सील टाकायचं आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच उघडायचं, हे मला पटत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आरएक्सचं जुनं सामान मिळतं पण तिथे सील वापरलेलं घेऊ नका, कव्हर वगैरे घ्या खुशाल.

कळवा_९३:
खूप आभार सगळ्यांचे, काका तुमचे विशेष. म्हणजे आधी उघडून जुनं सील हातात घेतो आणि मग नागदेवीला जातो. एकच शंका, क्रँकच्या शाफ्टवर सील बसतं तिथे खाच पडली असेल तर? क्रँकच बदलावा लागेल का?

लेथवाले_काका:
नाही, लगेच क्रँकवर जाऊ नको. नखाला लागेल न लागेल इतकी खाच असेल तर नवीन सील जुन्या जागेपेक्षा एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसव, लिप कोऱ्या जागेवर येते, फक्त मागे बेअरिंगचा ऑइलचा रस्ता बंद होत नाही ना ते बघ. लिपला थोडं ग्रीस लाव, स्प्रिंगची बाजू क्रँककडे, आणि बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट ठेवून सगळीकडून सारखं ठोक. बंद केल्यावर सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं बुजवून हाताच्या पंपाने पाच-सहा पीएसआय हवा भरा आणि मॅग्नेटकडे साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले किंवा गेजचा काटा उतरायला लागला तर तिथेच कळेल, गाडी जोडून रस्त्यावर काढायच्या आधी.