मदत हवी आहे: टॉक शोची कार्डं देवनागरीत कशी लिहायची?

मंडळी, गणपतीत सोसायटीत अमेरिकन लेट नाइट शोची नक्कल करतोय. टेबलामागची सूत्रसंचालकाची खुर्ची मीच अडवलीय.

तयारीसाठी पडद्यामागच्या गोष्टी वाचत बसलो. जॉनी कार्सनचा ‘द टुनाइट शो’ (१९६२ ते १९९२) लागायचा रात्री उशिरा, पण रेकॉर्डिंग व्हायचं संध्याकाळीच! कार्सन सारखा जिच्याशी चाळा करायचा त्या पेन्सिलीला दोन्ही टोकांना खोडरबर, टोचायला नको म्हणून. आणि असाच दुसरा सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये एसी असा कडक ठेवायचा की प्रेक्षक कुडकुडायचे. गारठ्यात लोक जागे राहतात, हसतातही जास्त, हे गणित. आमच्या पत्र्याच्या मांडवात विषयच संपला.

अडचण वेगळीच आहे. लेटरमनसारखं कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या मोठ्या कार्डांवरून वाचायचंय. काल तालमीत पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या मार्करने लिहिलं, तर दहा फुटांवरून ‘घ’ आणि ‘ध’ एकच! ‘घर’चं ‘धर’ झालं, सगळे फिदीफिदी. रफार तर दिसतच नाही.

नाटक-टीव्हीवाल्यांनो, अक्षर किती इंची काढू? एका कार्डावर किती ओळी? आणि कार्ड धरणाऱ्या पोराने पुढचं कार्ड नेमकं कधी बदलायचं? पंधराच दिवस उरलेत.