पीसी गेम पास (दरमहा पैसे भरून कॉम्प्युटरवर गेम खेळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) घेतलाय, पैसे वसूल कसे करायचे?

रात्रपाळी: नोकरी सांभाळून आठवड्याला जेमतेम ५-६ तास मिळतात. २ महिन्यांत ९ गेम डाउनलोड केले, पूर्ण एकही नाही. फोर्झा होरायझन ५ एकटाच १०० जीबीच्या वर, रात्रभर डाउनलोडला लावला नि खेळलो अर्धा तास. चालू ठेवू का बंद करू?

नारळीपोफळी: आधी ऑटो रिन्यूअल बंद कर, भरलेला महिना तसाही शेवटपर्यंत चालतो. मग एकच मोठा गेम धर आणि सोबत एक छोटा, बस. माझ्या मुलाची परीक्षा असली की तो महिना आम्ही घेतच नाही, नंतर सुट्टीत घेतो आणि दोघं मिळून धुमाकूळ घालतो.

जुनाखेळाडू: 'लीव्हिंग सून' ची, म्हणजे पासमधून लवकरच जाणाऱ्या गेमची यादी बघत जा रे. गेम साधारण महिन्याच्या मध्याला नि शेवटी काढतात. जायच्या आधी विकत घेतला तर मेंबरला सवलत असते आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरूनच घेतलास तर सेव्हही (आधी खेळलेलं) तिथूनच पुढे चालतो, मी ४० तासांचा खेळ असाच वाचवलाय.

शेतकरीगेमर: माझं मत थोडं वेगळंय. स्टारड्यू व्हॅलीसारखा एकच गेम वर्षभर खेळणारा असशील तर स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या सेलमध्ये घेऊन टाक, कायमचा आपला.

रात्रपाळी: रिन्यूअल बंद केलं, ७ गेम उडवले. फोर्झा ठेवलाय, शनिवारी रात्री बसतो.