खेळातल्या ‘पार्टी’ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठी: बॉल्डर्स गेट ३ हा संगणकावरचा खेळ पूर्ण केला. मित्रांसाठी त्यावर मराठीत लिहायला घेतलंय आणि ‘पार्टी’पाशी, म्हणजे आपल्यासोबत चालणाऱ्या गटाच्या नावापाशी, अडलोय. खेळात पुष्कळ सोबती जमतात, पण बाहेर पडताना आपल्याला धरून चारच जण न्यायचे, बाकीचे तळावर. मी ‘टोळी’ लिहिलं. थोरल्या भावाने वाचलं आणि म्हणाला, टोळी दरोडेखोरांची असते. खेळ संपल्यावर मला लढाया नाही, ही माणसंच आठवतायत. म्हणून शब्द नेमका हवा आहे.

निफाडकर: टोळीत काय वाईट? ऊसतोडीला येते ती टोळीच. मुकादमसुद्धा ‘माझी टोळी’ असं अभिमानाने म्हणतो.

शब्दवेडी: सरळ ‘चमू’ म्हणा. शुद्ध आहे, आटोपशीर आहे.

पंचवटीकर: ताई, महाभारतातल्या हिशेबाने एका चमूत ७२९ हत्ती, ७२९ रथ, २,१८७ घोडे आणि ३,६४५ पायदळ. चार जणांना चमू म्हणायचं? शुद्धच हवं तर ‘पत्ती’ घ्या. एक हत्ती, एक रथ, तीन घोडे, पाच पायदळ.

शब्दवेडी: ‘डॉक्टरांचा चमू’ रोज पेपरात छापून येतो, तेव्हा कोणी हत्ती मोजत नाही. अर्थ बदलतात.

पंचवटीकर: अर्थ बदलतात हे मान्य असेल तर ‘पार्टी’च का नको? शुद्धतेचा आग्रह निम्म्या वाटेवर सोडता येत नाही.

ढोलताशा: नाशकात बसून ‘पथक’ कोणालाच सुचू नये?

गोदाकाठी: दादा, पथक एका ठेक्यावर चालतं. इथे लेझेल आणि शॅडोहार्ट या दोघी सोबती तळावरच एकमेकींच्या जिवावर उठतात. तुमचा एखादा निर्णय पटला नाही तर कोणी कायमचं सोडूनही जातं. ही माणसं गरजेपोटी एकत्र आलेली आहेत, जीव नंतर लागतो.

त्र्यंबकची वाट: मग ‘दिंडी’ म्हणा. मी निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत चाललो आहे आणि हा खेळही खेळलो आहे. दिंडीत विणेकरी, चोपदार, टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेली माउली, प्रत्येकाचं काम ठरलेलं. खेळातल्या शॉर्ट रेस्टला, म्हणजे वाटेतल्या छोट्या विश्रांतीला, ‘विसावा’ आणि लाँग रेस्टला, म्हणजे तळावरच्या रात्रीच्या विश्रांतीला, ‘मुक्काम’ हे शब्द वारीत तयारच आहेत. मुक्कामाला एरवी ४० सप्लाय (खाण्यापिण्याचं सामान) लागतात, तो ‘शिधा’. आणि सोबत्यांची मनं मुक्कामातच उघडतात. घाईघाईने पुढे रेटणाऱ्यांचे कितीतरी संवाद हुकतात.

गोदाकाठी: विसावा आणि मुक्काम लगेच उचलतो! ‘तळ’पेक्षा ‘मुक्काम’ कितीतरी मायेचा. पण दिंडी…

पंचवटीकर: दिंडी नको. तिला पंढरपूर आहे, नाम आहे. ज्या खेळात फाशांचं दान चांगलं पडलं की खूनही पचतात, त्याला हा शब्द चिकटवू नये. ‘तांडा’ बघा.

त्र्यंबकची वाट: शब्द वापरल्याने विटत नाही, न वापरल्याने मरतो. आणि दिंडी मुळात माणसांची नाहीच. वाड्याच्या मोठ्या दारातलं छोटं दार म्हणजे दिंडी. त्यातून एकेकाने जायचं, तीच रांग पुढे दिंडी झाली असं आजोबा सांगत.

शब्दवेडी: ही व्युत्पत्ती मला पटत नाही. दिंडी हे वीणेच्या जातीचं वाद्यही आहे. विणेकऱ्याशिवाय दिंडी नसते, तेव्हा नाव तिकडूनच आलं असणार.

निफाडकर: आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात ‘पार्टी आली का?’ म्हणजे माल उचलणारा व्यापारी आला का. पार्टी केव्हाच मराठी झालीय.

गोदाकाठी: तिथेच तर खरी अडचण आहे. नोव्हेंबर २०२३ च्या पॅच ५ मध्ये, म्हणजे खेळाच्या पाचव्या मोठ्या सुधारणेत, नवा शेवट जोडला. सहा महिन्यांनी सगळे सोबती मुक्कामावर मेजवानीला जमतात. तीही पार्टीच! कोण कुठे पोचलं, कोणाचं पत्र आलं, हे ऐकत मी एकेकाशी बोलत फिरलो, निरोप घ्यायला मन होईना. ‘पार्टीची पार्टी’ असं तर लिहिता येत नाही. त्या रात्रीला काय म्हणू?

पंचवटीकर: शब्दवेडी ताई, दिंडी नावाचं वृत्तही आहे. १९ मात्रा, नवावर यती, म्हणजे थांबा. ते वाद्यावरून आलं की वारीवरून?

शब्दवेडी: वारीवरून नक्कीच नाही. नऊ-दहाच्या चालीवर पावलं टाकून बघा, पडत नाहीत.

त्र्यंबकची वाट: पडतात. मी चाललोय.

ढोलताशा: आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात त्या छोट्या दाराला ‘खिडकी’ म्हणायचे. दिंडी कोण म्हणतं?