मदत हवी आहे: लायसन्सचा ऑनलाइन कोर्स परत करावा लागेल का? (अर्जंट)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, डोकं पार आउट झालंय म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी लायसन्ससाठी सहा तासांचा ऑनलाइन कोर्स केला होता, पैसे भरून, तो घड्याळवाला, म्हणजे वेळ संपल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही तसला. शेवटची परीक्षाही पास झाले. काल ड्रायव्हिंग टेस्टची अपॉइंटमेंट होती, नवऱ्याने हाफ डे टाकला, मुलीला शेजारच्या तमिळ मावशींकडे ठेवलं, दीड तास बसलो आणि खिडकीवरची बाई कागद चाळून म्हणाली सर्टिफिकेट एक्सपायर झालंय, टेस्ट होणार नाही. मी पुढे काही विचारेपर्यंत मागचा माणूस येऊन उभासुद्धा राहिला. आता तो सहा तासांचा कोर्स परत करायचा का? पैसे परत भरायचे? कोणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा, मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत लायसन्स हातात हवंय.

जर्सीचा जोशी
कुठलं राज्य? सहा तासांचा कोर्स ही काय भानगड? आमच्या न्यू जर्सीत २१ च्या वरच्यांना असला काही कोर्स नाही. लेखी परीक्षा द्या, ५० प्रश्न, ४० बरोबर आले पाहिजेत, मग तीन महिने शेजारी कोणीतरी बसवून चालवा आणि टेस्ट द्या. तुला कोणीतरी गंडवलंय बहुतेक.

अप्पा_कोथरूड
ताई, एवढा त्रास कशाला? सारथी पोर्टलवर जा. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारवर घरबसल्या लर्निंग मिळतं. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघायचा, मग कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांचा फॉर्म १ए लागतो. आमच्या सौ.नी वयाच्या ५२ व्या वर्षी पहिल्यांदा लर्निंग काढलं, पहिल्या फटक्यात पास.

क्वीन्सची राणी
सहा नाही गं, पाच तास. न्यूयॉर्कचा पाच तासांचा प्री-लायसन्सिंग क्लास, त्याचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं. माझं एक्सपायर व्हायला चार दिवस राहिले होते तेव्हा टेस्ट मिळाली, मी समजू शकते तुझं टेन्शन. पण परत करावा लागतो एक्सपायर झाला की. सॉरी.

गोदाकाठची
अहो अप्पा काका, मी भारतात नाहीये, अमेरिकेत आहे. आणि राणी, पाच नाही गं, सहाच. टेक्सास. लिहायचं राहिलंच, इथे सगळे तेच करतात म्हणून डोक्यात आलं नाही.

बे एरिया बंड्या
टेक्सास आधी सांगायचं ना. आता दुसरा प्रश्न, वय काय? कारण टेक्सासमध्ये तो सहा तासांचा कोर्स १८ ते २४ वाल्यांना सक्तीचा आहे, २५ च्या पुढे नाही. २५ च्या पुढची असशील तर फुकट पैसे घातलेस. कॅलिफोर्नियात १८ च्या पुढे कसलाच कोर्स नाही, ३६ प्रश्न, ३० बरोबर, विषय संपला.

गोदाकाठची
२९. हो माहीत होतं सक्तीचा नाही ते. पण मैत्रीण म्हणाली कोर्स केलास की लेखी परीक्षा ऑफिसात जाऊन द्यावी लागत नाही, कोर्सच्या शेवटी असते तीच धरतात. मला ऑफिसात उभं राहून स्क्रीनवर परीक्षा द्यायची भीती वाटते. आणि गाडीचं मला शून्य माहीत होतं, नाशिकला आयुष्यभर अॅक्टिव्हा चालवली, लायसन्सही तेवढंच. आणि इथल्यासारखा चार बाजूंनी स्टॉप मी जन्मात पाहिला नव्हता, कोण आधी जाणार हे मला त्या कोर्समुळेच कळलं. त्यामुळे पैसे वाया गेले म्हणू नका प्लीज, आधीच सासरेबुवा रोज व्हिडिओ कॉलवर तेच ऐकवतायत.

बे एरिया बंड्या
ओके ओके, चिडू नको. पण हँडबुक फुकट मिळतं ना. वाचायचं, द्यायची परीक्षा.

क्वीन्सची राणी
बंड्या, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. मला हँडबुक वाचून काही आठवत नाही, व्हिडिओ बघितला की आठवतं. फ्लोरिडात तर म्हाताऱ्यालासुद्धा पहिल्या लायसन्सला चार तासांचा कोर्स आहे, दारू आणि ड्रग्जवरचा. मग तेही सगळे मूर्ख का?

जर्सीचा जोशी
मुद्दा भरकटतोय. गोदाकाठची, तुझ्याकडे इंडियन लायसन्स आहे म्हणतेस ना? मग आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट मागवून घे, १००० रुपये फी, वर्षभर चालतं. तोपर्यंत आरामात टेस्ट दे.

ब्लूबॉनेट
जोशीबुवा, कृपा करून असले सल्ले देऊ नका. १) ते परमिट म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर, स्वतंत्र लायसन्स नाही. २) तिचं मूळ लायसन्स अॅक्टिव्हाचं आहे, तिने वर लिहिलंय, त्यावर कॅमरी चालवणार का? ३) फ्रान्स, जर्मनी, दक्षिण कोरिया, तैवान यांच्याशी टेक्सासचा करार आहे, भारताशी नाही, त्यामुळे भारतातलं कारचं लायसन्स असलं तरी टेस्ट चुकत नाही.

आता धाग्याच्या विषयावर. मी टेक्सासमध्ये १४ वर्षं आहे, जावेला आणि दोन मैत्रिणींना लायसन्स काढून दिलंय. गोदाकाठची, मला तीन गोष्टी सांग. लर्नर परमिट हातात आहे का? त्या बाईने नेमका कुठला कागद एक्सपायर म्हटला? आणि इम्पॅक्ट टेक्ससचा व्हिडिओ कधी बघितलास?

अप्पा_कोथरूड
चर्चा चाललीच आहे तर आमचंही विचारून घेतो. सौ.चं लर्निंग काढून साडेचार महिने झाले. सहा महिन्यांची मुदत असते. गाडी मात्र त्या सोसायटीच्या गेटबाहेर न्यायला तयार नाहीत. काय करावे?

गोदाकाठची
परमिट आहे, मार्चमध्येच मिळालं, त्यावेळी कोर्सचं सर्टिफिकेट त्यांनी घेतलं. कागद कुठला ते बघितलं नाही हो, मी सगळं एकत्र फोल्डरमध्ये दिलं होतं, पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), लीज, विजेचं बिल, सगळं. इम्पॅक्ट म्हणजे ते अपघातात गेलेल्या लोकांच्या आईवडलांचे व्हिडिओ, तेच ना? ते केलं की. एक तासाचा आहे. खूप रडले होते बघून. एका आईने मुलाचा फोन अजून चार्जिंगला लावून ठेवते असं सांगितलं होतं, ते डोक्यातून जातच नव्हतं. केलं आहे मी ते, सर्टिफिकेट पण आहे.

ब्लूबॉनेट
कधी केलंस? तारीख.

गोदाकाठची
मार्चमध्येच. कोर्स, व्हिडिओ सगळं एकाच वीकेंडला उरकलं होतं. मग एप्रिलमध्ये आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून नाशिकला गेले ती जूनअखेर परत आले.

ब्लूबॉनेट
सापडलं. त्या एक तासाच्या व्हिडिओचं सर्टिफिकेट फक्त ९० दिवस चालतं. म्हणजे टेस्टच्या दिवशी ते ९० दिवसांच्या आतलं असलं पाहिजे. तू टेस्ट देतेयस जुलैमध्ये, मार्चचं कसं चालेल. सहा तासांचा कोर्स परत करायचा नाही!! त्याचं काम परमिट मिळालं तिथेच संपलं. फक्त एक तासाचा व्हिडिओ परत बघ, तो फुकट आहे, तुझ्या वयाला आयटीएडी नावाचा असतो, २५ च्या पुढच्यांचा. नाव आणि जन्मतारीख परमिटवर आहे तशीच टाक, सर्टिफिकेट इमेलवर येतं, प्रिंट काढून घेऊन जा.

आणि कोणाच्या सांगण्यावरून व्हिडिओ आज बघून टेस्ट ऑक्टोबरची घेऊ नकोस. आधी टेस्टची तारीख मिळव, मग व्हिडिओ बघ.

गोदाकाठची
देवा!!! मी काल रात्री परत कोर्सचे पैसे भरणार होते, कार्ड हातात होतं, नवरा म्हणाला थांब जरा, आधी विचार कोणालातरी. ब्लूबॉनेट ताई, पाया पडते तुमच्या.

क्वीन्सची राणी
बघ, मी म्हणाले होते ना एक्सपायर झालं की परत करावं लागतं 😄 फक्त वेगळं सर्टिफिकेट निघालं.

मी_कोल्हापुरी
मला एक सांगा, नवऱ्याकडून कोण शिकलंय इथे? मी शिकले आणि आठवड्यात आमचं बोलणं बंद झालं. शेजारी बसून पाय असा दाबायचा खाली जसा काही ब्रेक त्याच्या बाजूलाच आहे. शेवटी मुलीकडून शिकले, ती १९ वर्षांची, आणि काय शांत शिकवलं तिने. माझं सगळ्यांना एकच सांगणं, नवऱ्याकडून शिकू नका.

जर्सीचा जोशी
नवऱ्यांची बाजू कोणी मांडायची? शेजारी बसल्यावर जीव मुठीत असतो हो. मेव्हण्याने माझ्या गाडीचा आरसा कचऱ्याच्या डब्यावर घासला तरी मी एक शब्द बोललो नाही.

मी_कोल्हापुरी
एक शब्द बोलला नाहीत आणि इथे मात्र लिहिताय.

गोदाकाठची
माझा नवरा बरा शिकवतो खरंतर. रविवारी सकाळी शाळेचं पार्किंग रिकामं असतं तिथे नेतो. प्रॉब्लेम फक्त पॅरलल पार्किंगचा. आमची गाडी मोठी, मागचं काही दिसत नाही, कॅमेऱ्यावर बघून केलं तर टेस्टला चालत नाही असं कोणीतरी म्हणालं. खरं का?

बे एरिया बंड्या
पॅरलल पार्किंगची माझी पद्धत ऐक, गॅरंटी आहे. पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरशी आपला मागचा दरवाजा आला की पूर्ण उजवीकडे स्टिअरिंग

ब्लूबॉनेट
बंड्या, कॅलिफोर्नियाच्या टेस्टमध्ये पॅरलल पार्किंग असतं तरी का? आणि इथे टेक्सासमध्ये टेस्टला गाडीऐवजी खांब असतात, बंपर कुठून आणणार. तिने खांब लावून सराव करावा. कचऱ्याचे दोन मोठे डबे गल्लीत ठेव, चाकं असतात त्यांना, पाहिजे तसं अंतर बदलता येतं, धक्का लागला तरी गाडीला काही होत नाही (जोशीबुवांचा आरसा सोडून). कॅमेऱ्याच्या भरवशावर बसू नकोस, मान वळवून मागे बघ, परीक्षकाला मान वळलेली दिसली पाहिजे. सगळं हळू कर. आणि ३० गुणांपेक्षा जास्त कापले गेले की नापास, पण धोक्याचं काही केलंस तर गुण बिण नाही, लगेच टेस्ट बंद. स्टॉपच्या पाटीला गाडी पूर्ण थांबली पाहिजे. चाकं सरकत सरकत नाही, पूर्ण. मनात तीन अंक मोजायचे. माझी जाऊ तिथेच उडाली पहिल्यांदा.

अप्पा_कोथरूड
स्टॉपची पाटी आमच्याकडे असती तर लोकांनी तिच्याखाली भेळेची गाडी लावली असती. असो. सौ.च्या प्रश्नाचं कोणी सांगितलं नाही. मुदत संपली तर लर्निंगची परीक्षा परत का?

तिरकी रेघ
अप्पा, नवीन लर्निंग काढावं लागेल, त्यापेक्षा आहे त्या दीड महिन्यात टेस्ट द्या. तीस दिवस होऊन गेलेत, पक्क्याची अपॉइंटमेंट आत्ताही घेता येते. पहाटे सहाला काढा त्यांना बाहेर, साडेसहाला नाही, साडेसहाला दूधवाले, शाळेच्या व्हॅन सगळे येतात. आणि तुम्ही बरोबर जाऊ नका. वर कोल्हापूरच्या ताईंनी काय लिहिलंय ते वाचा.

गोदाकाठची
अपडेट. १) व्हिडिओ परत बघितला, परत रडले, ती फोन चार्जिंगवाली आई याही वेळी आली आणि मी पॉज करून चहा करायला उठले. २) सर्टिफिकेट तासभर आलं नाही म्हणून मी परत पॅनिक, स्पॅममध्ये पडलं होतं. ३) टेस्टची तारीख ऑफिसात तर पुढच्या महिन्याची मिळत होती, पण इथल्या एका ड्रायव्हिंग स्कूलला टेस्ट घ्यायची परवानगी आहे, वेगळे पैसे पडतात पण या शुक्रवारची मिळाली. कागद कायकाय न्यायचे तेवढं सांगा कोणीतरी.

ब्लूबॉनेट
परमिट, व्हिडिओचं सर्टिफिकेट प्रिंट करून, गाडीचा इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन. गाडीची सेफ्टी इन्स्पेक्शनची भानगड २०२५ च्या जानेवारीपासून बंद झाली, त्यामुळे त्याचा कागद कोणी मागणार नाही, तुमच्या काउंटीत धुराची तपासणी असेल तर ती रजिस्ट्रेशनलाच झालेली असते. इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न आधी तपासून जा, टेस्टच्या आधी ते बघतात. आणि पुढची नंबर प्लेट. पुढे आणि मागे दोन्हीकडे लावलेली पाहिजे.

गोदाकाठची
पुढची??

ब्लूबॉनेट
हो, पुढची. बंपरवर. अर्धे लोक लावत नाहीत, गाडीचा लुक बिघडतो म्हणून. तुमची आहे ना?

गोदाकाठची
आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आले. प्लेट आहे, पाकिटात, दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्याखाली. बंपरला भोकंच नाहीत.

जर्सीचा जोशी
ब्रॅकेट ऑनलाइन मागव, दोन दिवसात येतं, नवऱ्याला शनिवारी बसवायला सांग.

गोदाकाठची
शुक्रवारी आहे हो टेस्ट.

मी_कोल्हापुरी
मग गुरुवारी बसवू दे त्याला. तोंडातून अवाक्षर न काढता.