पार्किंगमध्ये पडणं हाही कामावरचा अपघात असू शकतो

'दारात पोचण्याआधीच पडलात, म्हणजे हा कामावरचा अपघात नाही' असं बर्फावरून घसरल्यावर तुमच्या मॅनेजरने सांगितलं, ते कॅनडातल्या ऑन्टारिओत सरसकट खरं नाही. पार्किंग कंपनीच्या ताब्यात असेल तर डब्ल्यूएसआयबी (कामावरच्या दुखापतींची भरपाई देणारी तिथली सरकारी संस्था) ते सहसा कंपनीच्या आवारातच धरते. मॉलच्या सामाईक पार्किंगचं वेगळं.

डब्ल्यूएसआयबीकडे दावा करायला सहा महिने मिळतात, पण कृपा करून दुखणं अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कुठे आणि कसे पडलात ते लिहून घ्यायला लावा. आणि फोटो! दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं. सकाळी डांबरावर नुसता ओलसर काळा डाग दिसतो आणि ऊन आलं की तोही जातो. मग दाखवणार काय?

जागा तिऱ्हाईताची असेल तर त्याच्याकडून भरपाई मागण्यासाठी २०२१ पासून ६० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. शहराच्या फुटपाथवर पडलात तर फक्त १० दिवस! हे फार कमी जणांना माहीत असतं.

'मीठ टाकलं होतं' हे उत्तरही ऐकून घेऊ नका. उणे १०च्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही, तिथे वाळू लागते. त्या सकाळचं तापमान लिहून ठेवा.